डाव्या दारावरचा तुकडा

मिस्तरी कुठल्याही लाकडाकडे आधी बघायचे नाहीत. आधी अंगठा जिभेला लावायचे, तो ओला अंगठा लाकडावर घासायचे आणि मग वाकून त्या रुपयाएवढ्या ओल्या जागेकडे बघायचे. धुळीनं आणि जुन्या पॉलिशनं काळवंडलेल्या लाकडात तेवढ्याच जागी तांबूस रेघा उमटायच्या. मग ते समाधानानं म्हणायचे, "बगा, जागं झालं."

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी हेच केलं. मी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पान उलटताना बोटाला थुंकी लावणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. आणि इथे साठी उलटलेला एक माणूस माझ्या सासऱ्यांच्या कपाटाला सरळ थुंकी लावत होता. मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं आणि ती ओली जागा दाखवली. माझं बोलणं राहूनच गेलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्या लाकडाचा खरा रंग मी पहिल्यांदाच पाहत होते.

कपाटाविषयी थोडं सांगायला हवं. माझे सासरे भिंगारला लष्करी कँपातल्या एका कचेरीत कारकून होते. कुणी साहेब बदलून गेला की त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव व्हायचा. तशाच एका लिलावात सासऱ्यांनी हे दोन दारांचं कपाट घेतलं. आतलं लाकूड साधं, पण वरून अक्रोडाचं विनेर. विनेर म्हणजे भारी लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. दोन्ही दारांवर एकाच ओंडक्याचे लागोपाठचे पापुद्रे, पुस्तक उघडून ठेवावं तसे समोरासमोर लावलेले. त्यामुळे डाव्या दारावरच्या रेघा जशा मधल्या फटीकडे चढत येतात, तशाच उजव्या दारावरच्याही येतात. घरात येणारं प्रत्येक माणूस त्या दारांकडे एकदा तरी बघायचंच.

आणि अशा कपाटाशेजारी आम्ही तीन उन्हाळे कूलर लावला. नगरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल तर तुम्ही आम्हाला माफ कराल. मिस्तरींनी केलं नाही. कूलरची ओली हवा चार महिने आणि कोरडी हवा आठ महिने खाऊन विनेर जागोजागी फुगलं होतं, कडेनं सुटून वर वळलं होतं. त्यांनी सगळ्या फुगवट्यांवरून हात फिरवला आणि कूलरकडे बघत मला विचारलं, "कपाटाला ताप आल्ता का, बाई?"

त्यांच्याआधी तीन सुतार येऊन गेले होते. तिघांनीही एकच उपाय सांगितला होता, हे सगळं खरवडून काढा आणि वरून सनमायका मारा. आमच्या ह्यांना तो पटलाही होता. ओल्या फडक्यानं पुसता येतं, हा ह्यांचा मुद्दा. घरातली प्रत्येक वस्तू ओल्या फडक्यानं पुसता यावी असं ह्यांचं पहिल्यापासूनचं मत आहे, आणि पुसतं कोण, तर मी. सनमायकाचं नाव काढल्यावर मिस्तरी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की मग कपाट त्यांना द्या आणि तुम्ही नवीन घ्या. त्यावर ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं आणि माझी दुपारची झोप संपली. शिक्षकाला एक खोड असते, समोर काही घडत असलं की कसं आणि का विचारल्याशिवाय राहवत नाही. मी वेताचा मोढा घेऊन त्यांच्याजवळ बसायचे. त्यांनाही ते आवडत असावं, कारण मी स्वयंपाकघरात गेले की ते हात थांबवून वाट बघत.

जुनी विनेरं सरसानं चिकटवलेली असतात. सरसाचे खडे पाण्यात भिजवायचे, मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात वितळवायचे. त्यासाठी मी माझं जुनं दुधाचं पातेलं दिलं. घरभर असा वास सुटला की हे वर्तमानपत्र घेऊन चौकशीला आले. सरस कशाचा करतात, ह्यांनी विचारलं. जनावराच्या कातड्याचा आणि हाडांचा, असं मिस्तरींनी शांतपणे सांगितलं. हे तसेच मागे फिरले आणि काम संपेपर्यंत गॅलरीत बसून राहिले. पातेलं अर्थातच मिस्तरींना देऊन टाकलं.

फुगवट्यावर ते रेघेच्या दिशेनं पात्यानं बारीक चीर द्यायचे, इतकी बारीक की नंतर शोधूनही सापडू नये. इंजेक्शनच्या सिरिंजनं आत सरस सोडायचे, वर ओलं फडकं टाकून माझी इस्त्री फिरवायचे आणि शेवटी तव्यावर तापवलेल्या वाळूच्या पुरचुंड्या त्यावर दाबून ठेवायचे. मग नखानं टकटक करून बघायचे. पोकळ आवाज आला की पुन्हा तेच. सरसाची खुबी त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितली होती. चुकलं तर पुन्हा गरम करा, सुटतं. डब्यातला पांढरा गोंद घट्ट धरतो, पण चूक दुरुस्त करू देत नाही. म्हणून विनेरला सरसच. त्यांच्या उस्तादाची ही शिकवण.

उस्ताद हा शब्द त्यांच्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा यायचा. मिस्तरी मूळचे पारनेरकडच्या एका खेड्यातले. सतराव्या वर्षी नगरला आले आणि पलंग-कपाटं करणाऱ्यांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या मुसलमान कारागिराच्या दुकानात राहिले. उस्तादानं त्यांना दोन वर्षांत विनेर शिकवलं, जेवायला घरी नेलं, ईदेला कपडे केले. आणि मग एके दिवशी अचानक विनेरचं काम बंद केलं. मिस्तरींना दारं, चौकटी, पलंग एवढंच करायला लावलं. पुढे उस्ताद गेला तोपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, ते त्याच दुकानात होते. पण विनेरला हात लावू दिला नाही. उस्तादाच्या माघारी मिस्तरी मोडकी कपाटं विकत घेऊन, त्यांची सालटी काढून काढून स्वतःच ते काम पुन्हा शिकले.

मी विचारलं, का बंद केलं असेल.

"तेवडंच कळलं न्हाई, बाई," ते म्हणाले. "म्हंजी, कळलंय बी. पर इचारायचं ऱ्हाऊन ग्येलं."

हे अर्धं कळलेलं काय आहे, ते मी त्यांच्याकडून तिसऱ्या दिवशी काढून घेतलं. मुलं जशी कबूल करतात तसंच त्यांनी ते सांगितलं, हातातल्या कामाकडे बघत. त्या शेवटच्या विनेरच्या कामात एका दारावर त्यांनी तुकडा बसवला होता. पातेल्यातला सरस गार झाला होता, परत चूल पेटवायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी उस्तादाची पाठ वळलेली असताना डब्यातला पांढरा गोंद लावला. वर पॉलिशही करून टाकलं. उस्तादानं विचारलं, सरसच ना. मिस्तरी म्हणाले, हो. त्यानंतर उस्तादानं त्यांना विनेरचं काम दिलं नाही. आपलं खोटं त्याला कळलं, एवढं त्यांनी धरून ठेवलं होतं. पण उस्ताद त्यांना एका शब्दानंही बोलला नव्हता, आणि राग असताना त्यानं पुढची अकरा वर्षं आपल्याला घरातल्यासारखं का वागवलं, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. चाळीसेक वर्षं हा माणूस ते मनात घेऊन कपाटं दुरुस्त करत हिंडत होता.

चौथ्या दिवशी ते डाव्या दाराकडे वळले. त्यावरचं काळं पडलेलं पॉलिश स्पिरिटच्या बोळ्यानं काढत होते. मधल्या फटीपासून चार बोटं आत, कुलपाच्या थोडं खाली, एक होडीच्या आकाराचा तुकडा दिसू लागला. दोन्ही टोकं निमुळती, लांबी माझ्या तळहाताएवढी. सगळ्या दारावरच्या रेघा फटीकडे चढत जात होत्या आणि ह्या तुकड्यातल्या उतरत होत्या. मी गेली चाळीस वर्षं त्या दाराला रोज हात लावत आले. मुलांना निरीक्षणाचं महत्त्व सांगत आले. मला तो कधी दिसला नव्हता.

मिस्तरी थांबले. बोळा खाली ठेवला. त्यांनी विचारलं की हे कपाट कधी दुरुस्तीला दिलं होतं का. मला माहीत नव्हतं, म्हणून मी गॅलरीतून ह्यांना बोलावलं. हे आले, तुकडा पाहिला आणि सत्तराव्या वर्षी लाजले. माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. ह्यांनी सायकल घरात आणून कपाटाला टेकवली आणि हँडलचं टोक विनेरमध्ये घुसलं. वडील घरी यायच्या आत ह्यांनी सायकलही हलवली आणि स्वतःही हलले. सासऱ्यांना वाटलं, सफेदी करणाऱ्यांची शिडी लागली. त्यांनी कपाट हातगाडीवर घालून गावातल्या कुणा म्हाताऱ्या कारागिराकडे पाठवलं होतं.

तो म्हातारा कोण, हे आता विचारायची गरज नव्हती. तेव्हा लिलावातली अशी कपाटं उस्तादाच्या दुकानात नेहमीच यायची, म्हणून मिस्तरींना हे इतके दिवस ओळखू आलं नव्हतं. मिस्तरींनी त्या दिवशी चहा घेतला नाही. हत्यारं तिथंच ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते वेगळ्याच चेहऱ्यानं. रात्रभर विचार करून त्यांनी सगळं जुळवलं होतं. गोंदाचं खोटं उस्तादाला कळलंच नसेल. त्याला दिसला असेल तो हा पालथा तुकडा. विनेरची वरची बाजू खाली घातली की रेघा उलट्या वळतात. शिकाऊ पोरही ही चूक करत नाही, आणि आपण ती केली, आपल्याला कळलीसुद्धा नाही. उस्तादानं बघितलं आणि ठरवलं, ह्याच्या हातात विनेर नाही.

 खोटं बोलल्याची बोचणी त्यांनी इतकी वर्षं सोसली होती, पण हातच कच्चा होता हे त्यांना सोसत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तेव्हा पोरवय होतं, घाई झाली असेल, असं काहीबाही मी बोलले. त्यांनी मान हलवली आणि इस्त्री मागितली. आधी तो तुकडा काढायचा, म्हणाले. पांढऱ्या गोंदानं धरलाय, सहज यायचा नाही, मोडलाच तर मी दुसरा शोधीन.

ओलं फडकं तुकड्यावर टाकून त्यांनी इस्त्री ठेवली. अर्धं मिनिट झालं असेल नसेल, आणि त्यांनी इस्त्री उचलली. नाक पुढे करून वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मलाही तोवर तो वास ओळखू यायला लागला होता.

"सरस," मी म्हटलं.

पातळ पात्याचं टोक त्यांनी कडेखाली घातलं आणि तो तुकडा अख्खा सुटून आला. खालच्या लाकडावर, पार टोकापाशी, पांढऱ्या गोंदाचे दोन-तीन ठिपके राहिलेले होते. बाकीचा गोंद कुणीतरी नीट खरवडून काढलेला. मिस्तरींनी तुकडा तळहातावर उलटा केला आणि गरम पाण्याच्या फडक्यानं त्याची खालची बाजू पुसली. सरस निघून गेला आणि खाली जुनं पॉलिश चमकलं.

विज्ञानाच्या बाईला इतकं पुरेसं होतं. ते खाली फरशीवर बसले. बराच वेळ तुकडा नुसता ह्या बाजूनं, त्या बाजूनं बघत होते.

"ही बाजू वर हुती," शेवटी म्हणाले. "मी सरळच बसवल्ता, बाई. पॉलिश हिलाच मारल्यालं."

मग त्यांनी मला एकेक गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता ती त्यांनाही पहिल्यांदाच कळत होती. पॉलिश झाल्यावर ते त्या संध्याकाळी घरी गेले होते. कपाट दुकानात होतं आणि दुकानात फक्त उस्ताद. त्याला गोंद कळला. त्यानं एकट्यानं तुकडा उचकटला, गोंद खरवडला, सरस लावून तुकडा परत बसवला, बसवताना तो पालथा पडला आणि त्यावरच त्यानं पुन्हा पॉलिश मारलं. सकाळी मिस्तरी येईपर्यंत कपाट हातगाडीवरून निघून गेलेलं होतं. त्याच दिवसांत उस्ताद सुईत दोरा ओवायला दुसऱ्याला सांगायचा. पट्टीवरचे आकडे वाचायला सांगायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे बाकीच्यांना कळलं ते पुढे दोन वर्षांनी, तो भर दुपारी बैलगाडीला धडकला तेव्हा.

"कपाट धाडल्यावर कुनीतरी बोललं आसंल त्येला. न्हाईतर बोटाला कळलं आसंल," मिस्तरी म्हणाले. "त्यापुढं त्यानं सवता बी विनेर क्येलं न्हाई. मला वाटायचं, उस्ताद माझ्यावर रागावला. त्यो डोळ्यांवर रागावल्ता."

थोड्या वेळानं ते पुन्हा बोलले, पण मला नाही, त्या तुकड्याला. "आनी गोंद बगितला, तरी कदी बोलला न्हाई."

ह्यांना मी आत काय झालं ते सांगितलं. माणसाचा स्वभाव बघा, पंधरा दिवसांपूर्वी सगळ्या कपाटाला सनमायका लावायला निघालेले हे आता गहिवरून म्हणाले की तो तुकडा जसा होता तसाच पालथा बसवा, त्या म्हाताऱ्याची आठवण आहे ती. मलाही क्षणभर ते पटलं. ऐकायला छान वाटत होतं.

मिस्तरींनी मान वर केली. "न्हाई, साहेब. त्येची चूक चार मान्सांला कशाला दावायची?"

 त्यांनी सरस नव्यानं तापवला. खालच्या लाकडावरचे ते पांढरे ठिपके नखानं काढले. तुकड्याची इतकी वर्षं वर राहिलेली बाजू घासून खरबरीत केली आणि जुन्या पॉलिशची बाजू वर ठेवून तो होडीचा आकार त्याच्या जागेत उतरवला. रेघा बाजूच्या रेघांना जाऊन मिळाल्या.  त्यांनी वाळूची पुरचुंडी वर ठेवली आणि तिच्यावर हाताचा तळवा दाबून बसून राहिले. पुरचुंडीचं वजन पुरेसं असतं, हे त्यांनीच मला आधी सांगितलं होतं.

काम संपलं तेव्हा अख्ख्या दारावर तो तुकडाच तेवढा गडद दिसत होता. एवढी वर्षं ही बाजू अंधारात राहिली, तिला ऊन लागलेलं नाही, म्हणाले. रंग लावून सारखं करता आलं असतं, पण त्यांनी केलं नाही. कपाट खिडकीसमोर सरकवा, दुपारचा पडदा उघडा ठेवा. "तिला ऊन खाऊ द्या. वर्सानं तुमाला सापडायची बी न्हाई."

कूलर तेव्हाच दुसऱ्या खोलीत गेला.

त्यानंतर ते तीनदा आले. आमच्याच भागात, सावेडीत, कुणाकडे काम निघालं की येता-जाता डोकावायचे. कपाटासमोर उभे राहायचे, एक डोळा बारीक करून बघायचे, "दिसतंय आजून" म्हणायचे आणि चहा घ्यायचे. तिसऱ्या वेळी, दिवाळीच्या मागेपुढे, म्हणाले, "थोडंच ऱ्हायलंय." पायऱ्या उतरताना त्यांना दम लागत होता. मी दवाखान्यात जा म्हणून रागावले. ते हसले आणि गेले. मी आणखी जोरात रागवायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

उन्हाळ्यात मी एका खुर्चीसाठी त्यांना फोन लावला. मुलीनं उचलला. बाबा माघात गेले, म्हणाली, झोपेतच. तुम्हाला कळवायला हवं होतं, पण त्यांच्या मोबाईलमध्ये नावं नव्हती, नुसतेच नंबर होते. तुम्ही कोण, असं तिनं विचारलं. अक्रोडाच्या कपाटाच्या बाई, मी म्हटलं. ती लगेच म्हणाली, हां, म्हणजे तुम्ही उस्तादाच्या कपाटाच्या.

फोन ठेवला आणि मी कपाटापाशी गेले. दुपारचं ऊन दारावर सरळ पडलं होतं. मधल्या फटीपासून चार बोटं मोजली, कुलपाच्या खाली बघितलं. वाकून बघितलं, बाजूनं बघितलं. मग ह्यांना हाक मारली. ह्यांनी चष्मा पुसला, नाक दाराला लागेपर्यंत पुढे झाले, बोटानं एकेका रेघेचा माग काढत फटीपर्यंत गेले आणि परत आले.

आम्हा दोघांनाही तो तुकडा सापडला नाही.